शॉवरच्या दाराचा जमाखर्च

१

सायमानं दार आपटून काय मिळवलं असतं? हाजराखालानं हा हिशोब दवाखान्याच्या लोखंडी बाकावर बसल्या बसल्या मांडला आणि जमेच्या बाजूला तिला काहीच सापडेना.

ते दार सायमानंच निवडलं होतं. शॉवरला पडदा नको, ओल्या पडद्यात पाय अडकतो. सरकतं दार नको, खालच्या पट्टीत साबण साचून ते अडून बसतं. आत उघडणारं तर मुळीच नको. आत कुणी भोवळ येऊन पडलं तर त्याच्याच अंगानं दार अडतं आणि बाहेरच्यांना नुसतं बघत बसावं लागतं. दार बाहेर उघडणारं हवं आणि काच टफनच हवी, भट्टीत तापवून कडक केलेली, फुटलीच तर साखरेसारखी चुरा होणारी. हे सगळं घरादाराला ऐकवून ऐकवून, दुकानात स्वतः जाऊन, तिनं दार पसंत केलं होतं. कारण घरात तिची तीन वर्षांची रोशनी दुडदुडत होती. आता ही बाई तेच दार रागात आपटून स्वतःच्या अंगावर फोडून घेईल? पोट्टी तिखट होती. बिनडोक नव्हती.

पण बल्लारपूरच्या त्या मोहल्ल्यात तीन दिवसांत हेच पसरलं होतं: रफीकभाईच्या सुनेनं नवऱ्याशी भांडून नवं दार फोडलं आणि हात कापून घेतला. सासरे रफीकभाई, कपड्याचे व्यापारी, यांनी रविवारी जमातीतल्या दोन बुजुर्गांना घरी बोलावलं होतं. बोलणं आधीच ठरलं होतं. सून गरम डोक्याची आहे, तिनं मायक्याला जावं, आणि रोशनी, अर्थातच, बापाकडे राहील.

हाजराखाला ही सायमाची मावशी, एसटीच्या वरोरा आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेली. तिचा अनुभव असा की बिनतिकिटाचा माणूस एक तर उगाच खिडकीबाहेर बघतो, नाहीतर कंडक्टरशी नको तितकं गोड बोलतो. भाचीचा नवरा अकरम सकाळपासून तिला चहासाठी विचारून विचारून थकला होता.

ड्रेसिंग बदलून सायमा बाहेर आली. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढरा. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. लहान मुलांची नस तिच्याइतकी अलगद कुणाला सापडायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या शिरा जोडल्यात, पुढचं पुढं बघू.

"दार आपटलं तू?" खालानं सरळ विचारलं.

"नाई खाला. उघडून राह्यली होती. दोन दिवसांपासून जाम होत होतं. सकाळी अकरमले तेच म्हनलं, काचवाल्या अल्ताफभाऊले बोलवा, दार अडून राह्यलं. त्याच्यावरूनच तर भांडन झालं. म्हने, तुले सगळ्यातच खोट दिसते."

"मंग?"

"आंघोळ झाली, दार ढकललं. नाई हललं. जरा जोर लावला तं वरून कडकन वाजलं आन् एक मोठा तुकडा सुरीवानी खाली आला. मी हात वर केला म्हनून हातावर निभावलं."

हाजराखाला तिच्याकडे बघत राहिली. "तुकडा? मोठा?"

"हातभर."

"आन् साखर?"

सायमानं पांढऱ्या हाताकडे पाहिलं. हे तिनं स्वतःशी आधीच मोजलं असावं. "साखर नाई झाली खाला," ती म्हणाली. "एक दाना बी नाई."

२

रफीकभाईंचं घर नवं कोरं होतं आणि ते तसं आहे हे येणाऱ्याला लगेच कळावं याची पुरती सोय केलेली होती. लेक तहसीनची मंगनी मागच्याच महिन्यात या घरात झाली. नागपूरची माणसं आली, जेवली, वरखाली फिरली, आणि काचेची न्हाणी बघून 'वा वा' करून गेली. ती वाहवा रफीकभाईंच्या चेहऱ्यावर अजून वाळत घातलेली होती.

"हाजराआपा, आमी काय कमी केलं सांगा," ते म्हणाले. "जे मागतलं ते दिलं. काचेचं दार पायजे, दिलं. अकरम गाडीच्या पार्टचं दुकान बंद ठेवून महिनाभर या बांधकामावर उभा राह्यला. आन् पोरीनं काय केलं? एका झटक्यात..."

"फोडलं," खाला म्हणाली. "ऐकलं मी."

तहसीन चहा घेऊन आली. जेवणाचं टेबल लांबलचक, वर फुलाफुलांचं जाड मेणकापड, चारी बाजूंनी टेबलाखाली ओढून चिकटपट्टीनं चिकटवलेलं. खालानं कप कडेला ठेवला तर बशी एका बाजूला खचली आणि चहा सांडला. तिनं कप पुढे सरकवला. तिथं तो नीट बसला.

"माफ करा खाला," तहसीन ओशाळली. "मंगनीसाठी नवी काच टाकली ना वरतं, भाईजाननं. कापड नीट बसलंच नाई."

"असू दे गं. नवं घर आहे, बसन हळूहळू."

मग खाला न्हाणीत गेली. फरशी लख्ख होती. तुकडे तर त्याच दिवशी गोणीत भरून घंटागाडीत गेले, असं तहसीननं सांगितलं. कोण म्हणालं टाका? "भाईजान. रोशनीच्या पायात जाईल म्हने." बापाचं काळीज. ठीक.

दार गेलं होतं. दाराच्या दोन बिजागऱ्या मात्र भिंतीला तशाच होत्या. फरशीवर सगळ्यांनी झाडू फिरवला, पण भिंतीवरची बिजागरी कोण झाडतो? वरच्या बिजागरीच्या जबड्यात काचेचा एक दात अडकून राहिला होता, तळहाताएवढा, टोकदार. खालानं पदराच्या टोकानं तो हळूच चाचपला. पातळ होता. इतका पातळ, की जाड काचेसाठी केलेल्या त्या जबड्यात तो सैल पडू नये म्हणून कुणीतरी दोन्ही बाजूंनी काळं रबर कोंबलं होतं.

तिनं रबराचा तुकडा ओढून बघितला. एका अंगाला गोलाई, वर पुसट अक्षरं. सायकलच्या नाहीतर गाडीच्या ट्यूबचा तुकडा.

मागून तहसीन बोलत होती, उगाच, ताण घालवायला. "मले तं आता भीतीच वाटते इथी यायची. अब्बू आन् मी दोघं महिनाभर इथीच आंघोळ करून राह्यलो. भाईजानचं बरं होतं. तो अंगणातल्या नळावरच. त्याले मोकळ्यात आवडते. रोशनीले बी तिथीच घेऊन जायचा, पाण्यात खेळू दे म्हने."

"चांगला बाप आहे," खाला म्हणाली, आणि दात आणि रबर दोन्ही रुमालात बांधले.

ती बाहेर आली तर अकरम दारात उभा. "खाला, अल्ताफनं फसवलं ना आपल्याले," तो हळूच म्हणाला. "मले तं पहिल्यापासून शक होता. साधी काच लावली हरामखोरानं."

खालानं अजून रुमालातलं कुणालाच दाखवलं नव्हतं. साधी काच हे शब्द या घरात आत्तापर्यंत कुणीच उच्चारले नव्हते.

३

अल्ताफचं दुकान चंद्रपुरात, रस्त्यालगत, आरसे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटींनी खच्चून भरलेलं. खाला आत शिरली तेव्हा तिला स्वतःच्याच सात-आठ रागीट म्हाताऱ्या समोर दिसल्या. तिला ते आवडलं. गर्दी असलेली बरी.

अल्ताफ गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला समजावत होता. टफनचा एक छोटा तुकडा त्यानं फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडला आणि फडकं उघडून दाखवलं: खडीसाखर. "मुठीत धरा, काई नाई होत. आन् ही साधी," त्यानं दुसरा तुकडा फोडला, फडक्यातून पाती बाहेर आली. "ही खाटकाची. न्हाणीत साधी लावनारा माझा दुश्मन."

गिऱ्हाईक गेलं. खालानं रुमाल उघडून दात गल्ल्यावर ठेवला. "मंग हा दुश्मन कोन, अल्ताफ?"

अल्ताफचा चेहरा बदलला, पण तो पट्टीचा दुकानदार होता, लगेच सावरला. "हे माझं नाई बाई. तुमच्या भाचीले विचारा. टफन काच मी स्वतः पोचवली. तिच्यासमोर उतरवली. कोपऱ्यातला शिक्का तिनं नखानं खरडून पायला, निंगतो का म्हनून. नाई निंगला. भट्टीतला शिक्का होता."

हे खरं होतं. सायमानंही तेच सांगितलं होतं: शिक्का पाहिला, खात्री झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती आईच्या आजारपणासाठी वरोऱ्याला गेली. परत आली तेव्हा दार लागलेलं होतं. आपल्याच घरातल्या दाराची खात्री कुणी दोनदा करतं?

"मंग तूच मागून बदलली. चांगली काढून नेली, दुसऱ्याले विकली."

अल्ताफ मनापासून हसला. "अवं बाई, टफन काच मापाची असते. भट्टीत जायच्या आधी कापायची, बिजागरीच्या खाचा आधी पाडायच्या. भट्टीतून निंगाली का तिले करवत लागली तरी अख्खी फुटते. दुसऱ्याच्या दाराची काच कोन घेईल? भंगारात बी नाई जात."

खालानं हे जमेला धरलं. अल्ताफला चांगली काच चोरून फायदा नव्हता. फसवायचंच असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी साधी आणली असती. चांगली आणून, शिक्का दाखवून, मग बदलण्याची मेहनत कोण करेल?

"ही पातळ काच तू कापली?"

"नाई."

"खाच पाडलेली आहे. घरी विळीवर पाडली का कोनी?"

अल्ताफनं फडकं झटकलं. खडीसाखर जमिनीवर सांडली. "मी काच पोचवली," तो म्हणाला. "बसवली मी नाई. त्या मुखरू मिस्त्रीले विचारा. भिंत कोनं सरकवली, विचारा त्याले."

भिंत?

४

मुखरू मिस्त्री मूलकडच्या आपल्या गावी, गुडघाभर चिखलात. रोवणी चालू होती. फरशी बसवणारे हात आता धानाची रोपं बसवत होते, आणि तितक्याच ओळीत. खाला बांधावर उभी राहिली, साडी वर खोचून.

"मले काई मालूम नाई जी," मुखरू वाकलेलाच राहून म्हणाला.

"मी अजून काई विचारलंच नाई."

बाजूच्या ओळीतली त्याची बायको कमळा फिसकन हसली. "सांगा ना गा! रातभर कुसकुस करता आन् बाईसमोर मुके होता. त्या पोरीचा हात कापला म्हनते."

मुखरू सरळ झाला. त्यानं आधी आभाळाकडे पाहिलं, मग बैलांकडे, मग जिकडं हाजराखाला नव्हती अशा सगळ्या दिशांना. शेवटी दिशा संपल्या.

"कमोड फिरवला ना जी," तो म्हणाला. "बसवला होता तो पच्छिमेले तोंड करून. रफीकभाऊचे कोनी पावने आले, म्हनले, किब्ल्याकडे तोंड? नमाजाच्या दिशेले? तौबा. रफीकभाऊनं तेव्हाच हुकूम केला, तोडा, फिरवा. फिरवला तं बाजूची आडभिंत शॉवरच्या अंगाले सरकवा लागली. वीतभर. आन् वरून फरशी चढली. जागा झाली लहान."

"आन् काच?"

"काच आधीच येऊन पडली होती. अकरमबाबूनं माप दिलं होतं फरशी लागायच्या आधी. सायमाबाई भल्ली बोंबलली होती तवा, फरशी लागल्यावर माप घ्या म्हने, आधी नोको. बाबू म्हने, मंगनीची तारीख जवळ आली, तू मले नोको शिकवू." मुखरूनं हातातली रोपांची जुडी चिखलात खोचली. "लावून पायली तं काच मोठी. मी म्हनलो, घासा. अल्ताफभाऊ म्हनला, घासली का फुटते."

"अल्ताफ आला होता तिथी?"

"तं! पुन्यांदा माप घेऊन गेला ना."

म्हणजे अल्ताफला सगळं ठाऊक होतं. खाला बांधावरून एक पाऊल पुढं आली. "आन् तू बोलला नाई कोनाले."

"मी मिस्त्री जी. काच माझं काम नाई. माझी फरशी सरळ आहे, पाहून घ्या."

"फरशी सरळ आहे रे बापा," खाला म्हणाली. "त्याच सरळ फरशीवर रक्त सांडलं पोरीचं."

मुखरू वाकला. कमळा मात्र उभीच राहिली आणि नवऱ्याकडे असं बघत राहिली की त्या घरात आज रात्री भात करपणार होता.

"ती मोठी काच कुठी ठेवली होती?" खालानं जाताना विचारलं.

"भिंतीले टेकून होती. मी रोवणीले आलो तेव्हा तिथीच."

मूलच्या स्टँडवर ती बसची वाट बघत होती तेव्हा फोन वाजला. तहसीन, दबक्या आवाजात. "खाला, अब्बूनं बैठक उद्या सकाळीच ठेवली. रविवारपर्यंत थांबत नाई म्हने. रोशनीचे कपडे बी वेगळे काढून ठेवले."

काच विकता येत नाही. कापता येत नाही. फुटली असती तर साखरेचा ढीग कुणाला तरी दिसला असता. मग दाराएवढी अख्खी काच एका घरातून गेली कुठं?

बस आली. खाला चढली, बसली, आणि सवयीनं कंडक्टरकडे बघितलं. तो एका पोराला सांगत होता की पिशवी खाली ठेव, सीटवर काय ठेवतो, लोकांच्या डोळ्यासमोर. खाला एकदम ताठ झाली. लोकांच्या डोळ्यासमोर. तिच्या बोटांना अजून तो सांडलेला चहा आठवत होता.

५

दोन बुजुर्ग आले, टेबलाशी बसले. रफीकभाईंनी सुरुवात दुःखानं केली. त्यांना दुःख चांगलं जमायचं. सायमा भिंतीशी उभी होती, हात गळ्यात अडकवलेला. रोशनी आत्या तहसीनच्या कडेवर. अकरम सगळ्यांना चहा देत होता.

"माझं दोन शब्द आधी," हाजराखाला म्हणाली.

"आपा, घरातल्या मामल्यात..."

"घरातलाच मामला आहे रफीकभाई. बसा. दार फुटलं ते टफन नव्हतं. साधी काच होती, पातळ." तिनं रुमालातला दात टेबलावर ठेवला. "वरच्या बिजागरीत राह्यला होता. टफन फुटली असती तं असा दात राहत नाई, सगळी खाली येते. आता प्रश्न हा, साधी काच लावली कोनं."

"अल्ताफनं!" अकरम म्हणाला. "मी सांगतलं ना तुम्हाले."

"सांगतलं. मी हा दात कोनाले दाखवायच्या आधीच सांगतलं, तेच तं माझ्या मनात बसलं." ती बुजुर्गांकडे वळली. "अल्ताफ साव नाई. साधी काच त्यानंच कापून दिली, आन् न्हाणीसाठी आहे हे माहीत असून दिली. पन बसवली त्यानं नाई. काचवाल्याकडे बिजागरीच्या पट्ट्या असतात. त्याले हे कोंबायची गरज पडत नाई." तिनं रबर दाताशेजारी ठेवलं. "गाडीच्या ट्यूबचा तुकडा आहे. मिस्त्री तेव्हा गावी, धानात. रफीकभाईंच्या दुकानात सूत मिळते, ट्यूब नाई. ट्यूब कोनाच्या दुकानात मिळते?"

दोन्ही बुजुर्गांनी अकरमकडे पाहिलं. 

"खाला, पंक्चरवाल्याकडे बी मिळते," अकरम हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "ट्यूबवरून कोनी गुन्हेगार ठरते का?"

"नाई ठरत. बरोबर बोलला. म्हनून मी ट्यूबवर थांबली नाई." खाला उठली. "खरी काच या घरात आली, आन् या घरातून गेलीच नाई. चहा उचला जरा, चाचा."

बुजुर्गांनी कप उचलले. खालानं मेणकापडाचं टोक धरलं आणि चिकटपट्ट्या फाडत सगळं कापड एका ओढीत काढलं.

खाली काच होती. जाड, हिरवट कडेची, टेबलापेक्षा थोडी लांबच. एका लांब कडेला दोन खाचा होत्या, बिजागरीच्या. त्यातल्याच एकीवर त्या दिवशी बशी खचली होती. आणि कोपऱ्यात, मीठदाणीच्या शेजारी, भट्टीतला शिक्का.

"टेबलाच्या काचेले बिजागरी लावते का कोनी?" खालानं विचारलं. तिचा आवाज आता घट्ट झाला होता. "ही तिच्या दाराची काच. तिनं पसंत केलेली. तुम्ही सगळे महिनाभर हिच्यावर बिर्याणी खाऊन राह्यले, आन् ती पोरगी आत खाटकाच्या सुरीमागं आंघोळ करून राह्यली. तहसीन, ही काच इथी कोनं टाकली, सांग."

तहसीननं रोशनीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती भावाकडे बघत होती.

"अब्बूनं नागपूरवाल्याले सांगून ठेवलं होतं," अकरम पुटपुटला. "काचेची न्हाणी आहे म्हनून. तारीख चार दिवसांवर. दुसरी टफन यायले वेळ लागनार होता. मी..."

"पडदा लावता आला असता," सायमा म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "बादलीनं आंघोळ केली असती आमी. सांगायचं होतं फक्त, माप चुकलं म्हनून."

"कोनाले सांगू? अब्बूनं चार लोकांत इज्जत काढली असती. आन् तू? जनमभर ऐकवलं असतं, मी म्हनलं होतं, मी म्हनलं होतं..." अकरमचा आवाज चढला, मग पडला. "पावने गेले का बदलनारच होतो. साधी काच काय लोकं वापरत नाई? मले काय मालूम फुटते म्हनून."

रफीकभाईंनी खाकरून मध्ये पडायचा प्रयत्न केला. "पोरानं चूक केली. पन जानूनबुजून तं नाई..."

सायमा भिंत सोडून टेबलापाशी आली.

"तू आंघोळ कुठी करत होता, अकरम?"

अकरम ओढलेलं मेणकापड गोळा करायला लागला.

"अंगनात," तीच म्हणाली. "दार लागल्या दिवसापासून अंगनात. आन् रोशनीले बी घेऊन जायचा. मी म्हनायची, आत गरम पानी आहे, पोरीले सर्दी होईल, तं तू चिडायचा. मले वाटे, पोरीवर किती जीव आहे याचा." तिचा डावा हात काचेवर आपटला. काच नुसती घुमली. "तुले मालूम होतं. पुरं मालूम होतं. म्हनून तू नाई गेला, आन् तिले नाई जाऊ दिलं. मले जाऊ दिलं. रोज. भांडलो त्या सकाळी बी जाऊ दिलं."

खालाला वाटलं होतं की शेवटचं बोलणं आपलं असेल. ते आपलं नव्हतं याचं तिला बरं वाटलं.

मग रफीकभाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. सुनेच्या कापलेल्या हातानं जे इतके दिवस हललं नव्हतं, ते स्वतःच्या मानेच्या आठवणीनं हललं. "मी बी त्याच्यातच..." ते म्हणाले. "आन् तहसीन बी..." ते उठले आणि बुजुर्गांसमोर त्यांनी लेकाच्या कानाखाली अशी ठेवून दिली की रोशनी रडायला लागली.

"आता मारून काय उपयोग?" थोरला बुजुर्ग कप खाली ठेवत म्हणाला. "सून गरम डोक्याची आहे, हे सांगायले आमाले बोलवलं होतं ना? ते सांगा आता. आमच्यासमोर, आन् जुम्म्याले सगळ्यांसमोर."

६

हिशोब असा लागला.

रफीकभाईंनी जुम्म्याला मशिदीबाहेर उभं राहून सांगितलं की सुनेची चूक नव्हती. वाक्य छोटं होतं. ते बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला. बस, तेवढंच त्यांना पडलं.

अल्ताफला ठाण्यात बोलावलं. घरच्याच माणसानं मागितली म्हणून दिली, असं तो म्हणाला. दोन दिवस दुकानाचं शटर खाली होतं, तिसऱ्या दिवशी वर. फडक्यातल्या खडीसाखरेचा खेळ अजून चालतो आणि गिऱ्हाईक अजून खूश होतं.

मुखरूची रोवणी आटोपली. त्याची फरशी खरंच सरळ आहे.

तहसीननं नागपूरला स्वतः फोन करून सगळं सांगितलं, कुणी चहाडी करायच्या आधी. तिकडून आठवडाभर काही आलं नाही. मग निरोप आला की विचार करून राह्यलो.

अकरमला बापाची बोलणी आणि बायकोचं 'मी म्हनलं होतं' या दोन गोष्टी टाळायच्या होत्या. पहिली गोष्ट त्याला थपडेसकट मिळाली, दुसरी सायमानं दिलीच नाही. तिनं डाव्या हातानं तक्रारीवर सही केली. केस चालू आहे. तो तारखेला जातो, परत येतो, दुकान उघडतो.

रोशनी आईबरोबर वरोऱ्याला आहे. हे कुणी दिलं नाही, सायमानं घेतलं. लेकीचे वेगळे काढलेले कपडे तिनं स्वतः पिशवीत भरले.

लॅबवाले भले निघाले, त्यांनी तिला सोडलं नाही. ती आता वरोऱ्यातून रेल्वेनं जाऊन-येऊन काउंटरवर बसते, नावं विचारते, रिपोर्ट देते. आतल्या खोलीत एखादं लहान मूल किंचाळायला लागलं की ती खुर्चीतून अर्धी उठते. मग उजव्या हाताकडे बघते. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांकडे येतात आणि मध्ये फट ठेवून थांबतात; सुई धरली तर त्या फटीतून पडते. ती परत बसते आणि पुढच्या माणसाला नाव विचारते.